वाळूतून गाळलेला गूळ

भिमाबाईची सून बनाबाई, बनाबाईची सून चांगुणा आणि चांगुणाची लेक विमल. या चौघींचे चरित्र सांगायचे तर त्यांच्या पाण्याची हकिकत सांगावी. बाकीचे त्यात आपोआप येते. परंड्याहून सोनारीकडे निघाले की डाव्या हाताला ओढा लागतो आणि ओढ्याच्या काठी त्यांचे गाव. निजामाच्या अमलात भिमाबाईने या ओढ्याच्या अगदी खालच्या अंगाला घागर बुडवली. वर गाव पाणी भरी, त्याखाली गुरे पीत, त्याखाली धुणी होत, आणि मग जे वाहत येई ते भिमाबाईचे. बनाबाईने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढल्याच उन्हाळ्यात "गुरांच्या मागनं आता म्या पाणी भरणार न्हाय" असे सांगून वस्तीपुढच्या वाळूत कमरेइतका खोल झिरा खणला. चांगुणाने तो दरवर्षी उपसून, काठाला दगड रचून राखला. आणि विमल शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करून गावच्याच शाळेत चौथीच्या वर्गापुढे खडू घेऊन उभी राहिली.

गाव सुखात होते असे नाही, पण उमेदीत होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला सहकारी खांडसरी, म्हणजे साखरेचा लहान कारखाना, उभी राहून दोन हंगाम झाले होते. जागा रुद्रम्माची होती. लिंगायतांच्या त्या म्हातारीने आपले चार एकर माळरान खांडसरीला वापरायला दिले आणि मुलगा शिवशरण चेअरमन झाला. घरटी एक भाग घेण्याची टूम निघाली तेव्हा चांगुणानेही दोन शेळ्या विकून एक भाग घेतला होता. ज्या दिवशी पहिल्यांदा साखर पडली त्या दिवशी वस्तीतही मूठमूठ वाटली गेली, आणि पोरांनी ती दिवसभर चाटली.

तिसऱ्या हंगामात ओढ्याचे पाणी आधी चहासारखे आणि मग डांबरासारखे झाले. मासे उताणे पडले. म्हशींनी तोंड लावायचे सोडले. मळीचे सगळे पाणी खांडसरी चारी खणून ओढ्यात सोडत होती, हे आंधळ्यालाही नाकाने कळत होते. बायका विमलकडे आल्या. शिकलेली लेक घरात असल्यावर दुसरीकडे कशाला जायचे?

"झिरा ओढ्यापासून दहा हात लांब घ्या," विमलने सांगितले. "मधे वाळू राहील. वाळू पाणी गाळते. पुस्तकात चित्र आहे त्याचे."

बायकांनी दोन दिवसांत नवा झिरा खणला. पाणी किंचित पिवळट आले, पण गाळ नावाला नव्हता. सारी वस्ती ते विश्वासाने प्याली. हा सल्ला विमलचा होता. पुढे जे घडले त्यातला तिचा वाटा तिने कधी लपवला नाही, म्हणून तो इथेही लपवायचा नाही.

होळी झाली आणि वस्तीतली पोरे एकामागून एक हगवणीने आडवी झाली. अकरा पोरे. शेजारची अयोध्या, विमलच्या वर्गातली सर्वांत चलाख मुलगी, परंड्याच्या दवाखान्यात सलाईन लावून पडली, आणि तिसऱ्या दिवशीही तिने डोळा उघडला नाही.

त्याच आठवड्यात चौथीची उजळणी होती. विमल वर्गात गेली, पण चित्त दवाखान्यात होते. बस्करपट्टीवरच्या पाच जागा मोकळ्या होत्या.

"बल म्हणजे काय?"

"वढणं न्हायतर ढकलणं!" वर्ग ओरडला.

"उदाहरण?"

"बैल गाडी वढतो. गुरुजी गुंड्याला वर्गाभाईर ढकलत्यात."

एरवी विमल हसली असती. तिने पदार्थाच्या तीन अवस्था घेतल्या, पाण्याचे चक्र फळ्यावर काढले: खाली ओढा, वर ऊन, मग वाफ, मग ढग. मग गूळ पाण्यात विरघळतो हे दाखवायला तिने तांब्याभर गुळवणी केले. पुढचा प्रयोग गाळण्याचा. दरवर्षी ती त्यासाठी मातकट पाणी घेई. यंदा घाईत तेच गुळवणी उचलून खिळ्याने भोके पाडलेल्या डब्यात ओतले. डब्यात खाली खडे, वर वाळू. तळातून धार लागली. पाणी किंचित पिवळट, पण स्वच्छ दिसत होते.

"बघा, वाळूने सगळे अडवले," ती म्हणाली. पुढच्या रांगेतल्या गुंडप्पाने धारेखाली बोट धरले आणि तोंडात घातले.

"बाई, गोडच हाय की!"

वर्ग हसला. विमल हसली नाही. तिने ओंजळ धरली, चाखले. पुन्हा ओतले, पुन्हा चाखले. चार वेळा गाळूनही गूळ पाण्यातच होता. वाळूने गाळ अडवला असता, काडी अडवली असती, बेडूक अडवला असता. जे विरघळले ते वाळूला दिसतच नाही. आणि मळीतले काय काय विरघळून दहा हात वाळूतून वस्तीच्या घागरींत उतरले असेल, हे तिला त्या ओंजळीत कळले. पुस्तकातले चित्र खोटे नव्हते. ते गढूळ पाण्याचे होते. ते विषाला लावले ते तिने.

मधल्या सुटीत ती मुख्याध्यापक विष्णुपंतांकडे गेली. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि चष्मा पुसला.

"बाई, प्रदूषणाचा धडा पाच गुणांचा. तुम्ही त्यावर एवढा वेळ घालवू नका. पदार्थाला बारा गुण आहेत."

"दवाखान्यात अयोध्या आहे, सर."

"म्हणून तर म्हणतो. चेअरमन आपल्या शाळा समितीवर आहेत. शाळेला पत्रे घालून मिळायचेत."

विमलच्या मस्तकात जी तिडीक गेली ती बारा गुणांनी मोजता आली नसती. ती तशीच घरी गेली आणि दारातच म्हणाली, "आई, म्या चुकीचं सांगितलं. वाळू मळी गाळत न्हाय. ह्या पोरास्नी म्या आजारी पाडलं."

चांगुणा जोंधळे पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"चुकीचं सांगितलंस ना? मग घरोघर जाऊन बरोबर सांगून ये. ते तुझं काम. पण घाण कुणी सोडली, त्येचा जबाब तू देणार हायस व्हय? रडायला बसलीस तर त्यो शिवशरण तुझ्या पदरानं हात पुसंल."

त्या संध्याकाळी विमल प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहिली आणि आपली चूक स्वतःच्या तोंडाने बोलली. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. ते तिला अधिक जड गेले. चांगुणाने खोरे घेतले आणि नवा झिरा बुजवून टाकला. आता वस्तीला पाणी दीड कोसावरून, तेही दुसऱ्याच्या मर्जीवर.

शनिवारी खांडसरीच्या कचेरीत संचालकांची बैठक होती. मायलेकी तिथे गेल्या. विमलच्या हातात वाळूचा डबा, चांगुणाच्या कमरेवर ओढ्याच्या पाण्याची कळशी. शिपाई आडवा आला तेव्हा चांगुणाने भागाचा कागद त्याच्या तोंडापुढे धरला. "सभासद हाय म्या. सरक."

आत सात संचालक, शिवशरण, आणि भिंतीशी खुर्चीत रुद्रम्मा. जागा देणारी म्हणून ती प्रत्येक बैठकीला येई, बोलत नसे, फक्त जपमाळ ओढी.

"बाई, शाळेला सुट्टी का आज?" शिवशरणने हसत विचारले.

"उजळणी चालू आहे, चेअरमनसाहेब. म्हटले, इथेही घ्यावी."

"पत्र्यांचं बोलायचं आसंल तर..."

"मळीचे बोलायचे आहे. वस्तीतली अकरा पोरे पडली आहेत."

शिवशरणने संचालकांकडे पाहिले. "हे बघा, वाहतं पानी हाय. वाहता वाहता सोताच साफ होतंय. वरनं ऊन तापतंय, आटून जातंय सगळं. आन् तुमी तर झिऱ्याचं पिता, वाळूतनं गाळलेलं. तुमीच सांगितलंय म्हणं वस्तीला?"

दोन संचालक हसले. नेमके दुखरे ठिकाण त्याने हेरले होते. विमलचा आवाज मात्र ढळला नाही.

"मीच सांगितले, आणि चुकीचे सांगितले. ते वस्तीत घरोघर कबूल करून आले आहे. आता तुमची पाळी. ऊन पाणी उचलते, चेअरमनसाहेब, मळी उचलत नाही. ढगात पाणी जाते आणि तुमची घाण इथेच, आमच्या दारात घट्ट होते. चौथीच्या पोराला विचारा, कोणताही पदार्थ असा आपोआप नाहीसा होत नाही. तुमच्या चारीतून गेला तो आमच्या पोरांच्या पोटात सापडला."

तिने डबा टेबलावर, नेमका हिशेबवहीवर ठेवला. चांगुणाने कळशी ओतली. काळे पाणी वाळूत शिरले आणि खालून पिवळट धार लागली. विमलने ती परत वर ओतली, पुन्हा, पुन्हा. सहाव्या वेळेला पितळी पेला भरून तिने शिवशरणसमोर धरला.

"सहा वेळा गाळले आहे. आपोआप स्वच्छ होते ना? प्या."

समोर धरलेले पाणी नाकारणे अपमान, वस्तीच्या हातचे नाकारणे त्याहून वाईट, आणि घेतले तर पोटात जाणार काय, हे तर सगळ्यांना ठाऊक. शिवशरण पेल्याकडे बघत राहिला.

"नाटकं नका करू, बाई."

तेवढ्यात खुर्ची करकरली. रुद्रम्मा उठली, जपमाळ कनवटीला खोचली आणि पेला विमलच्या हातून घेतला.

"समोर धरलेलं पाणी असं ताटकळत ठिवत्यात व्हय? तुला तहान नसंल, मला हाय."

पेला ओठांशी गेला आणि शिवशरणने झेप घेऊन आईचे मनगट धरले. "आई, नको! इख हाय त्ये!"

पाणी टेबलावर सांडले. शब्द मात्र सांडायचा तो सांडून गेला होता.

चांगुणा पुढे झाली. आतापर्यंत तोंडावर ती त्याला चेअरमनसाहेबच म्हणत आली होती. "शिवशरण, तुझ्या आईला इख, आन् आमच्या लेकरांला काय, गुळवणी? ठावं होतं तुला. समदं ठावं होतं!"

रुद्रम्माने आपले मनगट सोडवून घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली.

"बहात्तर साली ह्या गावच्या समद्या विहिरी आटल्या. दिवाळीपासनं मिरगापत्तूर सात महिने हिच्या सासूनं, बनाबाईनं, झिऱ्यातनं वाटीवाटीनं उपसून आमच्या घागरी भरल्या. आमी लांब उभ्या ऱ्हायाचो, ती वरनं वतायची. मी घरी येऊन पाणी दुसऱ्या भांड्यात वतायची आन् तिनं शिवलेली घागर चिंचंनं घासायची. मिरगाला तिनं शेवटची घागर भरली तवा म्या म्हणाले होते, 'बनाबाई, हे उसनं पाणी हाय, फेडीन.' ती मेली. म्या इसरले." ती मुलाकडे वळली. "आन् तू फेडलंस, मळीनं! चारी आज बुजली न्हाय तर कुलूप म्या लावीन. जागा माझी हाय, तुझ्या कारखान्याची न्हाय."

"आई, हंगाम चालू हाय, मळी मग कुठं..."

"तुझ्या बंगल्याच्या अंगणात खड्डा खण."

चारी त्याच दुपारी बुजवली गेली. मळीसाठी खांडसरीच्याच आवारात दगडी बांधणीचा हौद उभा राहिला, आणि तो पुरा होईपर्यंत उसाचा चरक बंद होता. संचालकांनी कुरकुर केली. ती कुणी लिहून ठेवली नाही. अयोध्या पाचव्या दिवशी शुद्धीवर आली. विमलने सोमवारी वर्गात फळ्यावरचे जुने चित्र पुसले आणि सांगितले की मागे आपण जे शिकवले ते अर्धे होते, आणि अर्धे ज्ञान विश्वासाने सांगण्याचा अपराध आपल्याकडून घडला. पोरांना बाई चुकतात याचे नवल वाटले. विष्णुपंतांना ते मुळीच आवडले नाही.

बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी उजाडताच, रुद्रम्माच्या विहिरीवरून बैलगाडी निघाली होती. गाडीत तीन पिंपे, पुढे स्वतः रुद्रम्मा. वस्तीपुढे तिने गाडी थांबवली, सत्तरी उलटलेल्या गुडघ्यांनी खाली उतरली आणि तांब्याने एकेक घागर भरू लागली. वरून नव्हे, काठाला हात लावून, घागर मांडीशी धरून. गडी पुढे आला तर त्याला म्हणे, "बनाबाईला गडी होता व्हय रे?"

उन्हाळा गेला. मृगात ओढ्याला पूर आला आणि काळी वाळू वाहून गेली. चांगुणाने झिरा नव्याने खणला. पाणी नितळ लागले. विमलने ते तालुक्याला तपासायला पाठवून खात्री केली. मग चांगुणा म्हणाली, "आक्का, आता पाण्याचं भागतंय. पावसात कशाला येता?"

"तुमचं भागलं आसंल. माझं सात महिन्यांचं हाय." आणि डोक्यावर घोंगडे घेऊन ती भर पावसात ओतत राहिली. शिवशरण एकदा गाडीमागे छत्री घेऊन आला; तिने त्याच्या हातातली छत्री बाजूला ठेवली आणि तांब्या दिला. पुढे पिंपे तोच चढवू-उतरवू लागला.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी शेवटची आली. साऱ्या वस्तीच्या घागरी भरून झाल्या. रुद्रम्माने चांगुणाची घागर काठोकाठ भरली आणि उसने परत करताना मापावर चढते घालतात तसा वरून आणखी एक तांब्या ओतला. पाणी घागरीवरून ओघळून जमिनीत मुरले.

"मोज, चांगुणा. कमी-जास्त आत्ताच बोल."

चांगुणाने घागर उचलून डोक्यावर घेतली.

"पुरं भरलं, आक्का. सासूचं समदं फिटलं."