उजवीकडं अधिक

मी तामलवाडीत अकरावी-बारावीच्या गणिताची शिकवणी घेते. माझं डोकं तापायला वेळ लागत न्हाय, हे पोरींना पहिल्याच दिवशी कळतं.

परवा शिवांजलीची वही तपासत होते. गणित साधं होतं. उणे क्ष वर्ग, अधिक पाच क्ष, उणे सहा. ही बहुपदी कुठं धन, कुठं ऋण ते सांगा. पोरीनं रेघ ओढली, दोन आणि तीनवर टिंबं दिली, उजव्या टोकाला अधिक, मधे उणे, डावीकडं परत अधिक लिहिलं आणि झाली मोकळी. सगळं उलटं!

"अगं बाई, क्ष वर्गाच्या पुढं उणे दिसंना का तुला? शून्य घालून तरी बघायचं. उणे सहा येतंय, मग डावीकडं अधिक कसं? कुणी शिकवलं तुला हे?"

"आईनं. ती म्हणते, उजवीकडं कायम अधिक. तिला तिच्या मैत्रिणीनं शिकवलंय. ती मैत्रीण कधीच चुकत नव्हती म्हणं."

मी लाल पेन मिटून ठेवला. ती मैत्रीण म्हंजी मी, शिवलीला.

शिवांजली शरणम्माची लेक. कर्नाटकातल्या आळंदहून इथं मामाकडं शिकायला आलेली. पोरीचं हसणं हुबेहूब आईसारखं, म्हणून कधीकधी मी तिला उगंच थांबवून घेते.

शरणी आणि मी एका बाकावर बसायचो. ज्वारीच्या काढणीला तिला घरचे शाळा बुडवायला लावायचे. मग संध्याकाळी आमच्या अंगणात मी रांगोळीनं रेघ ओढायची, रेघेवर दोन खडे ठेवायची, आणि शरणी उजवीकडून चालत यायची. अधिक, खडा ओलांडला की उणे, दुसरा ओलांडला की परत अधिक. लई हसायचो आम्ही.

अकरावीच्या परीक्षेआधी सरांनी उणे क्ष वर्गाचं शिकवलं, तेव्हा टोकाला उणे आणि मधे अधिक येतं हे सांगितलं. त्या दिवशीही शरणी शाळेत नव्हती. पण आदल्या आठवड्यात ती मला सोडून दुसरीसोबत तुळजापूरला गेली होती. एवढंच कारण. संध्याकाळी आली, म्हणाली, "शिवे, आज काय झालं गं?" मी म्हणाले, "मागचंच." मुद्दाम म्हणाले.

पेपरात तेच गणित आलं, पाच मार्कांचं. शरणी तीन मार्कांनी नापास झाली आणि वैशाखात तिचं लग्न लावून दिलं.

एकवीस वर्षं झाली. दर पंचमीला ती माहेरी येते आणि मी गल्लीच्या वळणावर उभी राहते. ती माझ्या दारात येत न्हाय. मला वाटायचं, तिला सगळं कळलंय. तरी दर पंचमीला मी दोघींपुरता चहा टाकते. आठवण येते तिची, खोटं कशाला बोलू?

"मॅडम, मग आईचं चुकलं का?" शिवांजलीनं विचारलं.

नुसती फुली मारून गप बसता आलं असतं. पण मी तिला आईला फोन लावायला सांगितला.

"शरणे, मी शिवलीला."

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "शिवे? तू? अगं, मला लाज वाटते तुझ्याकडं यायची. तू एवढी शिकलेली..."

"आधी ऐक. उजवीकडं कायम अधिक नसतं. पुढं उणे असलं की उलटं होतं. सरांनी शिकवलं होतं. तू विचारलंस, आणि मी रागापायी सांगितलं न्हाय."

आता शिव्या घालेल, फोन आपटेल, असं वाटलं. घालू दे, म्हटलं.

मग अगदी बारक्या आवाजात तिनं विचारलं, "म्हंजी शिवे, मी ढ नव्हते?"