माहेरचा चिखल

विमलताईंनी काचेच्या टाकीपुढे सोनेरी कागद लावलेला नारळ ठेवला होता आणि बंद मूठ पाण्यावर धरून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मी दारातूनच विचारलं, "ताई, काय चाललंय?" तोवर मूठ उघडली होती. जाडं, मळकट खडेमीठ टाकीच्या तळाला जाऊन बसलं.

"काय नाय भाऊ," त्या म्हणाल्या. "खारीला मीठ दिला."

मी कपाळावर हात मारून घेतला. नारळी पौर्णिमा होती, ठीक आहे. सकाळी येता येता त्यांनी मला राखी बांधली होती, पेढाही दिला होता. पण ती टाकी म्हणजे काही खाडी नव्हती. ते ज्ञानेश्वरी मॅडमचं काम होतं आणि त्यातल्या पाण्याला बोट लावायचीसुद्धा आम्हाला मनाई होती.

तुर्भ्यातल्या आमच्या लॅबमध्ये पंप, हवेच्या नळ्या आणि पाण्याची ने-आण हे माझं खातं. विमलताई सफाईला. मॅडम खाडीतल्या गवतावर पीएचडी करत होत्या. गवतावर कसली पीएचडी, म्हणून मी सुरुवातीला हसलो होतो. आम्हां साताऱ्याकडच्या माणसांना खाडी म्हणजे पुलावरून नाक दाबून ओलांडायची गोष्ट. पण हे गवत भारी निघालं. पानं बोटाच्या पेराएवढी, ओहोटीला चिखलाला चिकटून बसलेली. शेवाळ नव्हे, खरं गवत. खाऱ्या पाण्यातच फुलतं आणि तिथंच बी धरतं. मॅडमनी एकदा मला समजावलं होतं. पाणी जास्त खारट झालं की ते पानांत साखरेसारखं काहीतरी साठवतं, म्हणजे बाहेरचं मीठ त्याच्यातला ओलावा ओढून घेत नाही. पाणी गोडं झालं की साठवलेलं सोडून देतं. हे सगळं त्याला जमतं, पण सावकाश जमतं. एकदम बदल झाला की ते मान टाकतं.

म्हणून तीन टाक्या होत्या. एकीत समुद्राइतकं खारं पाणी, एकीत मध्यम, आणि तिसरीत जवळजवळ गोडं. खाडीत नाल्यांचं पाणी वाढतच चाललंय. पावसाळ्यासारखं गोडं पाणी बारा महिने राहिलं तर गवताचं काय होईल, हे त्या तिसऱ्या टाकीत बघायचं होतं. झालं एवढंच, की आषाढ संपेपर्यंत त्यातलं गवत कुजून गेलं. नुसता काळा चिखल उरला. तरीही दिवाळीपर्यंत टाकी तशीच ठेवायची होती.

तो चिखल जासईच्या खालच्या अंगाचा, विमलताईंच्या माहेरचा. मॅडम गवत आणायला गेल्या तेव्हा वाट दाखवायला ताईच बरोबर होत्या. त्यांचे वडील देवजी तिथल्या मिठागरात राबले. मिठागर बंद पडलं, ताईंचा सख्खा भाऊ जमिनीचे पैसे घेऊन पनवेलला फ्लॅटमध्ये गेला, आणि आम्ही चिखल आणल्यावर दोन महिन्यांत त्या तुकड्यावर भराव पडला. आता तिथं कंटेनर आहेत. म्हणजे ताईंच्या माहेरचं जे काही या जगात शिल्लक होतं, ते आमच्या टाक्यांत होतं. रोज लादी पुसताना त्या तिसऱ्या टाकीशी थांबायच्या. म्हणायच्या, पावसात गवत असंच जातं, नवरात्र झालं की पाणी खारतं आणि परत वर येतं. याचा पाऊस तुम्ही संपूच देत नाही. मॅडमना हे ठाऊक होतं. बी चिखलात झोपलेलं असतं हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण प्रयोग तो प्रयोग.

आणि आज त्याच तिसऱ्या टाकीत हे मीठ. देवजींच्या घरची रीत अशी, की हंगामाचं पहिलं मूठभर मीठ बाजूला ठेवायचं आणि नारळी पौर्णिमेला नारळाबरोबर खाडीला परत द्यायचं. वडील गेल्यावरही ताई दरवर्षी त्यांनी ठेवलेल्या बरणीतलं थोडं थोडं नेऊन देत होत्या. या वर्षी गेल्या तर तिथं पत्र्याचं कुंपण. मग खाडी जिथं होती तिथं त्यांनी मीठ दिलं. त्यात त्यांना वावगं असं काही वाटलंच नव्हतं.

मी म्हटलं, गप्प बसा, पंप बिघडला असं सांगू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वरमलो. मॅडम आल्याबरोबर त्या पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "मीच टाकला. माजे बापाचा शेवटचा मीठ व्हता."

मॅडमनी खारेपणा मोजायचा मीटर पाण्यात धरला, आकडा बघितला आणि खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या टाकीची सगळी मेहनत पाण्यात गेली होती. मॅडमच्या गाइड सरांना सांगावं लागलं. ताईंची नोकरी वाचली, पण टाक्यांची खोली त्यांना बंद झाली. त्यांना जिने आणि कॉरिडॉर दिला. टाकी रिकामी करायचा हुकूम आला.

"फेकनार असाल तर मना द्या," ताई म्हणाल्या.

मॅडमनी चिखल स्वतःच्या हाताने बादलीत भरला. वर मला सांगितलं, "काका, दर आठवड्याला विमलमावशींना कॅनभर पाणी पोचवत जा. आधी कमी खारं, मग हळूहळू जास्त. घाई करू नका." मी कामोठ्याला ताईंच्या घरी कॅन पोचवत राहिलो. गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ती बादली, आतून पाण्याच्या पातळीची खूण केलेली. सून नाक मुरडायची, डास होतात म्हणायची. नवरात्र गेलं, दसरा गेला. काही नाही. मी मनात म्हटलं, संपलं हे प्रकरण.

भाऊबीजेला मी साडी घेऊन गेलो. ताईंनी ओवाळलं, साडी बाजूला ठेवली आणि मला गॅलरीत नेलं. बादलीत वाकून बघितलं तर चिखलातून हिरवी टोकं वर आली होती, मेथी उगवल्यासारखी. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

"भाऊ, साडी नको. ओवालनी म्हनून मना माहेरी ने."

राखी बांधून घेतल्यावर नाही म्हणता येतं का? कुंपणाबाहेर खाडीचा काठ कुठं उरला असेल तर तिथं लावायला म्हणून त्यांनी चिखलाचा एक तुकडा गवतासकट स्टीलच्या डब्यात घेतला, वर बोटभर खारं पाणी घातलं, आणि स्कूटरवर मागे डबा मांडीत धरून बसल्या. सारा रस्ता त्या बोलत होत्या. माहेरी आई कुठं चिखलातली मासळी, निवट्या, धरायची, बाप मिठाची टोपली कुठं उतरवायचा, गवतात पाय घसरून त्या कुठं पडल्या होत्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

कुंपणाच्या कडेने आम्ही टोकापासून टोकापर्यंत गेलो. आत कंटेनरवर कंटेनर. खाडीकडे जायला कुठंच वाट नव्हती. वॉचमन भला माणूस होता, तो म्हणाला, "पानी तो उधर बहुत दूर गया, माँजी." भरावाच्या पायथ्याशी एका चरात थोडं पाणी साचलं होतं. ताई जपून खाली उतरल्या. बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोरा हाय," त्या म्हणाल्या. गोडं. कुठल्यातरी गटाराचं.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. मी काहीबाही बोलत होतो. दुसरी खाडी बघू, मॅडमना विचारू. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मग पदराने डब्याची कड पुसली आणि स्कूटरवर येऊन बसल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी डबा पोटाशी धरला होता. खड्डा आला की डब्यावर तळहात धरायच्या.

घरी आल्यावर त्यांनी तो तुकडा पुन्हा बादलीत, निघाला होता त्याच खळग्यात बसवला. उन्हाने बादलीतलं पाणी थोडं खाली गेलं होतं; मीठ तेवढंच, म्हणजे उरलेलं पाणी जास्त खारट. ताईंनी पेल्याने नळाचं गोडं पाणी घालून ते खुणेपर्यंत आणलं. मग हात धुऊन आत आल्या, माझ्यापुढे पाट मांडला आणि म्हणाल्या, "बस. बहिनीचे घरशी कोन उपाशी जातो?"