उशीखालची नोट

उशी उचलली आणि कडूबाई जागच्या जागी थबकली. खाली दहा रुपयांची नोट होती. घडी घातलेली, कोरी, राजाचं तोंड वर आलेलं.

तिनं उशी होती तशी ठेवून दिली. दाराकडं वळून पाहिलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. "आगं बाई, आता काय करू गं?" ती पुटपुटली.

दहा रुपये! स्टेशनरोडच्या त्या बंगल्यात साहेबलोक मुक्कामाला यायचे. दीड वर्षापासून कडूबाई तिथं झाडलोट करत होती आणि महिन्याला सात रुपये घेत होती. आता कुणी म्हणेल, ती नोट आज खोली सोडून गेलेल्या मडमेनं हिच्यासाठीच ठेवली असेल, एवढंही या बाईला कळू नये? नाही कळलं, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. बक्षीस द्यायची तिथं एक रीत होती. पाहुणा निघाला की नोकरांनी व्हरांड्यात ओळीनं उभं राहायचं. आधी खानसामा, मग माळी, मग पाणक्या, आणि सगळ्यांत शेवटी झाडणारीण. पाहुण्यानं ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायचं, तेही सगळ्यांदेखत. घेणाऱ्यानं बघायचंसुद्धा नाही किती ते, नुसता सलाम करायचा. पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर पडली की खानसामा गनीभाई प्रत्येकाकडून रुपयामागं दोन आणे दस्तुरी काढून घ्यायचा. कुणी कुरकुर करत नसे. वरच्याचं पोट आधी, हे कुणाला शिकवावं लागतं?

आज सकाळीही तशीच ओळ लागली होती. महिनाभर राहिलेली म्हातारी मडम विलायतेला निघाली होती. लढाई संपून वर्ष होत आलं होतं, आणि एकेक करून ही माणसं आपल्या गावी चालली होती. मडमेनं गनीभाईला दिलं, माळ्याला दिलं, पाणक्याला दिलं. कडूबाईनं हात पुढं केला, तर ती नुसती हसली, हनुवटीनं खोलीकडं दाखवलं आणि टांग्यात बसली. म्हणजे जा, खोली झाड, असंच हिला वाटलं. कडूबाईला फार लागलं ते. मडम तापात होती तेव्हा चार दिवस हिनं तिचे पाय चेपले होते, ओकारीचं भांडं धुतलं होतं. मडम तिला नावानं हाक मारायची. या बंगल्यात झाडणारणीला नावानं हाक मारणारी ती पहिलीच.

आणि आता ही नोट.

बाजाराला निघताना गनीभाई बजावून गेला होता, "कडूबाई, खोलीतली चीजवस्तू बराबर बघ. पुन्ना रंगुबाईवानी भानगड नको आपल्याला."

रंगुबाईचं नाव निघालं की कडूबाई तिथून काढता पाय घ्यायची. रंगुबाई तिची थोरली नणंद. आधी याच बंगल्यात झाडायला होती. एक मडम गेली त्या दुपारी रंगुबाई मनगटावर घड्याळ घालून बाजारात गेली आणि हवालदारानं तिथंच हटकलं. "मडमीनं दिलं," ती सांगत राहिली. "मग चिठ्ठी दाखव," हवालदार म्हणाला. चिठ्ठी कसली आणि काय कसलं! मडम तोवर बोट गाठायला निघून गेली होती. देताना कुणी पाहिलं नव्हतं. गनीभाईनंही 'मला ठाऊक नाही' म्हणून कानावर हात ठेवले. सहा महिने आत काढून रंगुबाई आली, तेव्हा तिची जागा कडूबाईला मिळाली होती. तेव्हापासून कडूबाईनं नणंदेच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. लोक काय म्हणतील, आणि मुख्य म्हणजे गनीभाई काय म्हणेल, याची धास्ती.

मडमा पारख करायला मुद्दाम गालिच्याखाली दोन-दोन आण्यांच्या चवल्या टाकून ठेवतात, हेही तिनं ऐकलं होतं. पण दहाची नोट कुणी पारखीला ठेवत नाही. म्हणजे विसरलीच. गाडीत बसून पाकीट उघडेल, बोंब मारेल, दौंडाहून तार करेल, आणि दुपारी हवालदार दारात!

तेवढ्यात इंजिनाची शिटी ऐकू आली. गाडी अजून स्टेशनातच होती. कडूबाईनं नोट मुठीत धरली आणि धावत सुटली. पदर कुठं, चपला कुठं, कशाची शुद्ध नव्हती. वाटेत माणसं बघत होती. झाडणारीण मूठ आवळून पळतेय म्हणजे काय समजायचं त्यांनी? मनात एकच जप चालला होता, देवा, गाडी हलू देऊ नको.

मडम वरच्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी बसली होती. कडूबाईनं मूठ उघडून तळहात तिच्यापुढं धरला.

"मेमसाब, हे... हे तुमचं... म्या न्हाई..." पुढं श्वासच पुरेना.

मडमेनं आधी तिच्याकडं पाहिलं. मग तळहाताकडं, त्याच्यावरच्या नोटेकडं. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"दस रुपया थोडा है?" तिनं विचारलं.

कडूबाईला तो प्रश्न धड ऐकूच गेला नाही. घ्या, घ्या हे, अशा अर्थी तिनं जोरजोरानं मान डोलावली आणि हात आणखी पुढं केला. मडमेनं पाकीट उघडलं. पाचाची एक नोट काढून दहाच्या नोटेवर ठेवली.

"बहुत लालच, कडू," ती म्हणाली आणि तिनं खिडकीची काच लावून घेतली.

गाडी हलली. आपण काय करून बसलो ते कडूबाईला तेव्हा कळलं. ती काचेवर थापा मारत चार पावलं पळाली. आतून मडमेनं मान फिरवली नाही.

"काय गं, काय दिलं मडमीनं?" मागून आवाज आला. स्टेशनावरचा शिपाई होता.

"ब-बक्षीस."

"एवडं? कुटल्या बंगल्यातली तू?"

तिनं सांगितलं. "बरं," शिपाई म्हणाला आणि काठी हलवत गेला.

ती बंगल्यावर गेली नाही. पाय तिला माळीवाड्यामागच्या खोपटाकडं घेऊन गेले. रंगुबाई दारात वाकळ शिवत बसली होती. तिनं मान वर केली. कडूबाईनं दोन्ही नोटा तिच्यापुढं ठेवल्या आणि रडत रडत सगळं सांगितलं.

"येडी गं येडी," रंगुबाई म्हणाली. "खानसाम्याची दस्तुरी वाचावी, समदं तुलाच मिळावं, म्हून तिनं उशीखाली ठिवलं. तुज्या भल्याचंच केलं बिचारीनं."

"वन्सं, मला लई भ्या वाटतंय. शिपायानं बंगला इचारलाय."

"रडू नको. आत्ताच्या आत्ता गनीभाईकडं जा. माळ्यादेखत, पानक्यादेखत त्याच्या हातात दस्तुरी टाक. त्यानं वाटा घेतला का तो तुजा साक्षीदार झाला. मग हवालदार येऊ दे न्हाईतर त्याचा बा. माज्या येळंला तेच नडलं. घड्याळातनं दस्तुरी कशी काढून देनार हुते मी?"

कडूबाईनं नोटा पदराला बांधल्या. उठली. पण उंबऱ्याशी तिचे पाय अडले. दीड वर्षात जे विचारलं नव्हतं, ते आज विचारलं नसतं तर तिला घास गेला नसता.

"वन्सं, ते घड्याळ तिनं दिलंच हुतं ना तुमाला?"

रंगुबाईनं सुई वाकळीत टोचून ठेवली. डावा हात पुढं केला. मनगटावर काहीच नव्हतं, एक बांगडीसुद्धा.

"हितं. तिनं सोताच्या हातानं बांदलं. त्यो पट्टा सोडायचा कसा, ते मला ठावंच नव्हतं गं. हवालदारानंच सोडला."

कडूबाई परत खाली बसली. तिनं ते मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं. गनीभाई बाजारातून परतायची वेळ झाली होती, तरी ती उठली नाही.