थेंब संपले तिथून पुढची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फूटपट्टी आहे. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. पाटोद्याच्या सुताराने मला रंधा मारून सरळ केलं आणि एक डोळा मिटून माझ्या धारेकडे बघत तो म्हणाला, "केसाइतकाबी बाक न्हाई!" त्याचा मला आजही गर्व आहे. कशाला लपवू?

सुरुवातीला मात्र कोणी माझ्याने पाठ खाजवली, कोणी माश्या मारल्या. मग शिवकन्याताई नोकरीला लागल्या आणि माझे दिवस पालटले. त्या रस नि पाणी तपासत आणि आलेख काढायला रोज मलाच घेत.

शहाऐंशीच्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या. पाणी उरलं ते फक्त मेंढ्या राखणाऱ्या साखराबाईंच्या विहिरीला, पण ते मचूळ. जनावरांना चाललं तर चारा छावणी तिथेच, नाही तर सगळी जनावरं साठ किलोमीटरवर न्यायची. कारखान्याचे अध्यक्ष मोहनराव आणि साखराबाई निकालासाठी येऊन बसले.

ताई त्या पाण्यात मीठ खाऊन टाकणारं सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडत होत्या आणि दर वेळी पाण्यात बुडवलेल्या मीटरचा आकडा लिहीत होत्या. पाण्यातलं मीठ संपलं की आकडा एकदम उडी मारतो. उडी जितकी उशिरा, तितकं पाणी खारट. पण उडीच्या आधीच बाटली रिकामी झाली! नवी यायला आठ दिवस लागणार होते.

"आता कसं वो, बाई?" साखराबाईंनी विचारलं. "आठ दिस माजी जितराबं न्हाई तगायची."

ताई हसल्या. प्रत्येक आकड्यावरून पाण्यात किती मीठ उरलं याचा हिशेब करून त्यांनी कागदावर ठिपके मांडले, आडवे थेंब नि उभं उरलेलं मीठ. ठिपके ओळीने खाली उतरत होते. मग त्यांनी मला हातात घेतलं.

"एक ठिपका बाहेर राहतोय की," मोहनराव म्हणाले. "त्यालाबी घ्या. आमच्यात एक सभासद सोडला तर लई बोंब व्हती."

"सगळ्यांना धरूनच रेघ जाते, साहेब. कुणी जरा वर, कुणी जरा खाली."

पेन्सिल माझ्या धारेने निघाली, शेवटच्या ठिपक्यापाशी आली आणि थांबली नाही. थेंब संपले होते, मी कुठे संपले होते? मी तिला सरळ पुढे नेलं आणि ती तळाच्या रेषेला टेकली. तिथे मीठ शून्य, म्हणजे आकड्याची उडी तिथेच. जनावरांना चालेल त्या पाण्याची हद्द ताईंनी आधीच लाल पेन्सिलने आखली होती. आमची रेघ तिच्या चांगली दोन बोटं अलीकडे टेकली.

"चालतंय पाणी!" ताई ओरडल्याच.

साखराबाईंनी पिशवीतून खंडोबाचा भंडारा काढला आणि चिमूटभर माझ्या सातव्या इंचावर लावला. "लाकडाची हाय, पर लई खरं बोलली बगा!" मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. पुढच्या आठवड्यात नवी बाटली आली, उडी तिथेच सापडली. पाऊस पडेपर्यंत एकही जनावर गाव सोडून गेलं नाही.

आता रेघा संगणक काढतो आणि मी खणात असते. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीने तलवारबाजी करू नका, तिची धार जपा. मला भेटायला आलात तर माझी धूळही पुसा. फक्त सातव्या इंचावरचा तो पिवळा डाग तेवढा राहू द्या.