तिसऱ्या मजल्यावरचा हिरो

"दोघं मिळून लिहिताय ते ठीक," पटकथा शिकवणारे सर म्हणाले होते, "पण अधूनमधून एकमेकांना तोंड दाखवत जा. नुसतं फाइलमध्ये भेटत राहिलात, तर कोण बोलतंय तेच कळेनासं होईल."

लेकुरवाळीनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. वर्गात तिला हेच नाव चिकटलं होतं, कारण शेवटच्या वर्षाला बाळ कडेवर घेऊन बसणारी ती एकटीच. "सर, मला आरशात स्वतःचं तोंड बघायला वेळ होत नाही," ती म्हणाली. वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला तो शहामृग.

शहामृग म्हणजे तिचा लिहिण्यातला जोडीदार. लांब मान, त्याहून लांब पाय, तिच्यापेक्षा बराच धाकटा, तिला ताई म्हणायचा. दोघं मिळून एक प्रेमाची विनोदी पटकथा लिहीत होते. त्या पटकथेच्या मार्कांवर दोघांची पदवी अडली होती. हिरो गॅरेजवाला. हिरॉइन गाडी चालवायला शिकवणारी. तिनं पुन्हा गॅरेजात यावं म्हणून हा पठ्ठ्या दर खेपेला तिच्या गाडीचा हॉर्न बिघडवून ठेवतो. हिरोची वाक्यं शहामृगानं लिहायची, हिरॉइनची तिनं. फाइल एकच, दोघांकडे उघडी. एकानं टाइप केलं की दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसायचं.

अभ्यासाची सुट्टी लागली आणि भेटणं संपलं. बाळाला दात येत होते, सासूबाई गुडघे धरून बसलेल्या, नवरा कामावर. दूध गॅसवर ठेवून ती एक वाक्य लिहायची, उतू गेलं की ओटा पुसायची आणि पुढचं लिहायची. हिरो मात्र भलताच रंगात आला होता.

"दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही," हिरो म्हणाला.

"डोळ्याला डोळा लागत नसेल, तर नटाला बोल्ट तरी लाव," हिरॉइन म्हणाली. लेकुरवाळी स्वतःवरच खूश झाली.

दुसऱ्या दिवशी हिरोचं लांबलचक वाक्य आलं. "तिसऱ्या मजल्यावरची सगळी मुलं निघून गेली. किती दिवसांत कुणाशी बोललो नाही. आज आवाज निघतो का बघायला स्वतःलाच हाक मारली."

तिनं आधी मधलं वाक्य उडवलं, बाजूला शेरा मारला, 'लांबतंय', आणि मग हिरॉइनचं उत्तर लिहिलं. "मग ओ कुणी दिली?"

त्यानंतर फाइलमध्ये 'हिरो' एवढंच उमटलं. पुढे त्याच्या कर्सरची रेघ लुकलुकत राहिली आणि संध्याकाळी तीही गेली. थकला असेल, तिला वाटलं. थकायला काय, सगळेच थकलेत.

रविवारी तिनं नवऱ्याला हिरोची वाक्यं मोठ्यानं वाचायला बसवलं. विजेचं बिल वाचावं तसा तो वाचत होता. मध्येच थांबला.

"हा तिसरा मजला कुठला गं?"

"म्हणजे?"

"तुमचा हिरो गॅरेजच्या मागच्या खोल्यांत राहतो ना? घरात दोन आत्या, तीन काका. याला एकटेपणा कुठून आला? उलट एकटं बसायला जागा मागेल तो."

बाळाला नवऱ्याच्या मांडीवर टाकून तिनं फाइलमध्ये लिहिलं, 'हे तू बोलतोयस की हिरो?' रेघ आली नाही. त्याचा फोन बंद. तो राहायचा त्या हॉस्टेलच्या कारकुनानं सांगितलं, "त्यानं खोली कधीच सोडली. बाहेर कुठेतरी घेतलीय म्हणे. नवा पत्ता? तो आम्हाला कोण देतो?" वर्गातल्या पोरांना वाटत होतं, पत्ता ताईला माहीत असेल.

शेवटी तिनं त्याच्या गावच्या घरी फोन लावला. आई होती.

"तुम्हीच का त्या ताई? अहो, किती बरं झालं बाई. तुमच्याकडेच जेवतो ना तो? मी म्हटलं, बाळ लहान आहे, त्यांना त्रास देऊ नको. तर म्हणतो, ताई ऐकतच नाही."

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्या माउलीनं एवढ्या लांबून करायचं काय? "तो माझ्याकडे नाही, मावशी," ती कसंबसं म्हणाली. "मीच शोधतेय."

पोलीस चौकीवर म्हणाले, सज्ञान मुलगा आहे, परीक्षेचं टेन्शन असेल, येईल. अर्ज मात्र ठेवून घेतला. सर म्हणाले, पटकथेचं नंतर बघू. तिला पटकथा नकोच होती. बाळाला खांद्यावर घेऊन ती हिरोचं एकेक वाक्य पुन्हा वाचत होती. हे त्याचं, हे हिरोचं, असं निवडत होती. तिनं हसून वाचलेली निम्मी वाक्यं हिरोची नव्हतीच. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या जिन्यात दिवा नाही. खाली बेकरी आहे, पहाटे भिंत गरम होते. समोर कुणीतरी ट्रम्पेट शिकतं आणि एकाच सुराला अडतं. अशा इमारती शहरात किती असतील, आणि तो याच शहरात आहे कशावरून?

म्हणून तिचं मागणं आता तुमच्याकडे आहे. तुमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लांब मानेचा एक मुलगा एकटा राहत असेल, फारसा दिसत नसेल, तर आजच त्याचं दार वाजवा. आतून 'ठीक आहे' म्हणाला तरी जाऊ नका. दार उघडायला लावा, त्याचं तोंड बघा, आणि सांगा की ताईनं हाक मारलीय.