ब्लेसचे पुसलेले तोंड

मित्रांनो, चित्रकार हिलेब्रांटला पहिली मुलगी झाली, त्या १६४६ सालचा माझा जन्म. मी एक जुने शिकारीचे चित्र आहे. एक हरीण, चार ओकची झाडे आणि हरणामागे धावणारा एक कुत्रा, एवढाच माझा संसार.

हिलेब्रांटने तेव्हा शिकार पाहिलेलीच नव्हती. हरणामागे कुत्री सोडण्याचा हक्क फक्त सरदारांचा. मग त्याने भुसा भरलेल्या कातड्यावरून हरीण रंगवले आणि शिकारी कुत्रा म्हणून सासूबाईंच्या ब्लेस नावाच्या घरच्या कुत्र्याला समोर उभे केले. ब्लेसचे काम रवीचे चाक फिरवण्याचे. रोज सकाळी तो लाकडी चाकात चढे, पावले टाकत राही आणि शेजारच्या पिंपात लोणी येई.

मला पाहायला घरची माणसे जमली. मेहुणा गोव्हर्ट सरदाराच्या शिकारीत जनावर उठवण्यासाठी झुडपे बडवायला जात असे. तो पोट धरून हसला.

"भावजी, हा हरीण धरायला निघालाय की लोणी काढायला? जागच्या जागी चालतोय की!"

हिलेब्रांट ओशाळला. कुत्रा पुसून नवा काढायला त्याने कुंचला उचलला, तशा सासूबाई आलीड आडव्या आल्या.

"खबरदार, जावईबापू! माझ्या ब्लेसला हात लावायचा नाही. द्या ते चित्र इकडे."

तेव्हापासून माझी जागा आलीडबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर. पुढे ब्लेस म्हातारा होऊन मेला. मग त्या काम करता करता माझ्याकडे बघून त्याच्याशी बोलू लागल्या.

आमच्याकडे शनिवार म्हणजे घासण्याचा दिवस. उंबरे, पिंपे, दाराबाहेरचा रस्ता, काही सुटत नाही. गाईंच्या शेपट्यासुद्धा नाहीत. माझ्यावर मात्र वीस वर्षे धूर बसत होता. एका शनिवारी आलीडबाईंना तो बघवेना. त्यांनी राखेचे पाणी आणि खरखरीत चिंधी घेऊन मला उंबऱ्यासारखे घासले. धूर गेला. मागोमाग रोगण गेले आणि ब्लेसचे तोंडही गेले.

त्यांनी तपकिरी झालेली चिंधी पाहिली आणि लेकीपुढे धरली.

"मीच पुसला गं त्याला," त्या लेकीला म्हणाल्या.

हिलेब्रांट आता नावाजलेला होता. बड्या घरची कुत्री त्याच्यासमोर उभी राहायला येत. त्याने तासाभरात एक देखणे, ताठ मानेचे तोंड काढून दिले.

"हे कोण पाहुणे?" आलीडबाईंनी विचारले.

"आई, ब्लेसच आहे."

"हा? हा कुठल्या तरी सरदाराचा. माझा ब्लेस लोणी मागताना डोकं कलतं करायचा. आणि डावा कान? मांजरानं फाडलेला?"

"मला आठवत नाही, आई," हिलेब्रांट हळूच म्हणाला.

"मला आठवतं. तुम्ही पुसा, मी सांगते."

तीन दिवस त्या स्टुलावर बसून सांगत होत्या. तो काढत होता, पुसत होता.

"नाक जरा खाली. एवढं नाही हो! कोल्हा केलात की त्याचा."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढले. डोके, कान, नाक एकेक निरखले. मग उठून त्यांनी जावयाच्या कपाळावरचा रंग आपल्या एप्रनने पुसला.

"आला," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी जुने चित्र असेल, तर त्याला पाणी लावू नका. मऊ पिसाने धूळ उडवा, तेवढे पुरे. पुसलेले पुन्हा काढायला, ते नीट आठवणारे माणूस जवळ लागते. ते प्रत्येक वेळी असतेच असे नाही.

आलीडबाई १६६९ च्या मार्चमध्ये वारल्या. हिलेब्रांट त्यानंतर सात वर्षांनी, १६७६ च्या हिवाळ्यात गेला.