किसा म्हणजे काय

आमंत्रण, मोबाइलवर, एकशे दहा जणांना:
आमच्या कन्येचा नामकरण विधी, रविवारी सकाळी अकराला, विहारात. नाव: किसा. प्राचीन पाली नाव. अर्थ: तेजस्विनी. दृष्ट काढणे, तीट लावणे हे प्रकार कृपया टाळावेत. आपला, रवी.

अर्थ अंदाजाने लिहिला होता. नाव बुद्धांच्या शिष्येचं, चांगलंच असणार.

रोहा, शनिवार. धाटाव एमआयडीसीतली पहिली शिफ्ट सुटल्यावर रवी पाली शिकवणाऱ्या मोतीराम गुरुजींकडे गेला. नुसती खात्री करायला.

"किसा म्हणजे कृश. हडकुळी," गुरुजी म्हणाले. "ती तशी होती म्हणून नाव पडलं. आणि तिचं मेलेलं मूल घेऊन ती..."

"ते नका सांगू, गुरुजी."

मुलगी चार महिन्यांची. वजन साडेचार किलो. अंगणवाडीच्या तक्त्यात पिवळ्या, कमी वजनाच्या पट्ट्यात.

रोहा ते पेण, दुचाकीवर सुचलेली नावं: सुजाता, खेमा, उत्तरा. नागोठण्यापर्यंत सहा झाली.

हमरापूर. रवीची बायको स्वप्नाली मूर्तींच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखते. घरात गणपती नाही, हाताखालून रोज तीस जातात. रवी घरी आल्यावर तिला अर्थ कळला.

"बदला. माझ्या पोरीला चारचौघांत हडकुळी म्हणणार नाय मी."

"कशाला गो बदलायचं?" सासू, मालू, पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. "बेस हाय नाव."

"आई!"

"माझी दोन गेली. तिसरा झाला, त्याचं नाव उकिरडा ठेवलं. असल्या नावावर कोनाची नजर जात नाय. जगला का नाय? शाळेत मास्तरांनी रवी केला."

एकतीस वर्षांत रवीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"अहो उकिरडा," स्वप्नाली म्हणाली, "चहा घेता?"

हसली. मग पोरीच्या मनगटाकडे बघत राहिली. तिच्या बोटांत ते दोनदा मावलं असतं.

"राहू दे. किसाच."

रविवार, विहार. रवी माइकवर: "किसा म्हणजे तेजस्विनी!"

टाळ्या. पहिल्या रांगेत गुरुजी. त्यांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

त्याआधी अर्धा तास, घरी, दार लावून:

"डोळे आखायचा ब्रश हाय का तुझ्याकडं?" रवीने विचारलं.

"कशाला?"

"एक ठिपका दे तिला. काजळाचा. कानामागं. कोणाला दिसणार नाय असा."

स्वप्नालीने दोन दिले. दुसरा त्याच्या कानामागं.